एका भाकरीचा हिशेब: पंडिता रमाबाई, दुष्काळ आणि देवावरचा भरवसा

आज आपण जाणार आहोत केडगावला. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वे लाइनवरचं हे स्टेशन, पुण्यापासून साधारण ५५ किलोमीटर. १९०० साली या गावाजवळच्या एका माळावर सुमारे १९०० बायका आणि मुली राहत होत्या. त्यातल्या बहुतेक दुष्काळातून वाचून आलेल्या. एवढ्या माणसांचं रोजचं जेवण, कपडे, औषधं, निवारा, आणि त्यासाठी कुठलंही ठरलेलं सरकारी अनुदान नाही. ही जागा म्हणजे मुक्ती सदन, आणि ती उभी करणाऱ्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

शाळेच्या पुस्तकात आपण रमाबाईंना भेटलेलो असतो. विदुषी, समाजसुधारक, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या. तेवढं वाचून आपण पुढच्या धड्याकडे जातो. आज मला त्यांच्याबद्दल एक वेगळा प्रश्न विचारायचाय. ज्या मुलीनं आपले आईवडील अन्नाविना जाताना पाहिले, ती पुढे आयुष्यभर "देव पुरवतो" असं कशाच्या जोरावर म्हणत राहिली?

हा प्रश्न मला का पडतो, तेही सांगतो. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्याकडे "देव पुरवील" हे वाक्य मिठासारखं आहे, सगळ्यात पडतं. फी भरायची असो, लग्न असो, नोकरी गेलेली असो. प्रार्थनेच्या ग्रुपवर साक्षी येतात: पैसे संपले होते, प्रार्थना केली, दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाकीट आणून दिलं. मी त्या मनापासून वाचतो. पण दिवसभर डेटा बघून पोट भरणारा माणूस असल्यामुळे एक गोष्ट टोचत राहते. आपल्यापर्यंत फक्त ज्यांना मिळालं त्यांच्या साक्षी पोहोचतात. ज्यांनी प्रार्थना केली आणि पाकीट आलंच नाही, ते ग्रुपवर काही टाकत नाहीत. आमच्या क्षेत्रात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. परत आलेली विमानं मोजायची आणि पडलेली विसरायची.

रमाबाईंची साक्ष मला वेगळी वाटते ती इथेच. त्यांनी पडलेली विमानंही मोजलीत.

आता जरा मागे जाऊ. रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्या काळात बायकोला संस्कृत शिकवण्याचा हट्ट त्यांनी धरला आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. पुढे आई लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून रमेला शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक तिला लहानपणीच पाठ झाले. कर्ज झालं, घर सुटलं, आणि हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत भारतभर चालत राहिलं. देवळात, घाटावर बसून पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर जगायचं, आणि गरजेपुरतं ठेवून बाकीचं दानधर्मात घालायचं.

मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसं उरली नाहीत, मग दक्षिणा कुठली? आधी साठवलेले पैसे गेले, मग दागिने, मग भांडी. पूजा, जप, उपास चालूच होते. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा हे कुटुंब तिरुपतीजवळच्या जंगलात मरायच्या तयारीनं शिरलं. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि थोडी रानटी खजुरं यांवर काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं आणि एकेका मुलाचा निरोप घेतला. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडून मजुरी करतो, पण तुम्ही असं करू नका. समाधी टळली, मरण टळलं नाही. थोड्याच दिवसांत वडील तापानं गेले. पाठोपाठ आई खंगत गेली.

आईसाठी रमाबाई शेजारच्या एका बाईंकडे भाकरी मागायला गेल्या. जन्मात कधी हात पसरला नव्हता, त्यामुळे तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईंनीच ओळखलं आणि बाजरीची भाकरी हातावर ठेवली. पण तोवर आईला घास गिळण्याची ताकद उरली नव्हती. आई गेली, तर तिला उचलायला माणसं मिळेनात. चौथा खांदा रमाबाईंना द्यावा लागला. उंची कमी, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचं ओझं डोक्यावर घेतलं आणि तसंच कित्येक मैल दूर स्मशानापर्यंत नेलं. पुढे बहीणही गेली.

हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण रमाबाईंनी ते स्वतः लिहून ठेवलं. पहिल्यांदा १८९७ च्या सुमारास, दुष्काळाच्या आठवणी म्हणून. दुसऱ्यांदा १९०७ साली, आपली धर्मसाक्ष लिहिताना. त्या साक्षीचं इंग्रजी नाव आहे 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर', म्हणजे आमच्या अखूट ठेव्याची साक्ष. देव कसा पुरवतो हे सांगणाऱ्या पुस्तकात त्यांनी उपासमारीचं हे प्रकरण गाळलेलं नाही. उलट त्यातल्या एका ओळीवर त्यांचं बोट राहतं. आम्हाला हातानं करायचं कुठलंच काम शिकवलेलं नव्हतं, असं त्या सांगतात. शास्त्रं येत होती, पण पोट भरेल असा धंदा येत नव्हता, आणि मजुरी करणं कमीपणाचं वाटत होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते परत लागणार आहे.

आईवडील गेल्यावर भाऊबहीण चालत राहिले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपले. खायला मूठभर भिजवलेलं धान्य आणि मीठ. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोहोचले आणि तिथल्या पंडितांनी या तरुण मुलीचं संस्कृत ऐकून तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पहाटे आईनं पाठ करून घेतलेले श्लोक शेवटी असे कामी आले.

पुढचं भराभर सांगतो. भाऊ १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, ते १८८२ मध्ये कॉलऱ्यानं गेले. पदरात छोटी मनोरमा. पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढला, १८८३ साली इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षी वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. मग अमेरिका. तिथं १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं मदतीचं वचन दिलं. त्या बळावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ साली मुलींच्या धर्मांतरावरून वादळ उठलं. 'केसरी'नं टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद खोटा नव्हता, त्याला दोन्ही बाजू आहेत, आणि त्यावर आपण कधीतरी स्वतंत्र भाग करू.

आज महत्त्वाचा आहे तो दहा वर्षांचा आकडा. समजा तुमच्या स्टार्टअपला दहा वर्षांचं फंडिंग आहे आणि सात वर्षं उलटलीत. तुम्ही काय कराल? रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, सुमारे १०० एकर. तिथं विहिरी खणल्या, संत्री, लिंबं, आंब्याची झाडं लावली. मदत थांबेल तोवर फळं यायला लागतील आणि संस्था बागेच्या उत्पन्नावर चालेल, असा हिशेब. म्हणजे देवावर भरवसा ठेवणारी ही बाई हात जोडून बसली नव्हती. ती कलमं लावत होती.

याच काळात त्यांनी काही चरित्रं वाचली. त्यातलं एक जॉर्ज म्युलर यांचं. हे इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे. १८३६ पासून त्यांनी अनाथाश्रम चालवले, आयुष्यात दहा हजारांहून जास्त मुलं सांभाळली, आणि पैशांसाठी कुणापुढे हात पसरायचा नाही, फक्त देवाकडे मागायचं, असा नियम पाळला. पण म्युलर आणखी एक गोष्ट करायचे, जी त्यांच्या गोष्टी सांगताना बरेचदा राहून जाते. ते काटेकोर हिशेब ठेवायचे आणि दरवर्षी छापायचे. काय आलं, कधी आलं, कशावर गेलं. आठवण मनावर सोडायची नाही, वहीत उतरवायची. आमच्या भाषेत सांगायचं तर ते लॉग ठेवत होते.

हे वाचून रमाबाईंच्या मनात आलं, देवावर असा भरवसा इंग्लंडात ठेवता येतो, तर भारतात का नाही? इथंही कुणीतरी असं काम सुरू करावं, असं त्यांना वाटत राहिलं. आणि मग, त्या सांगतात, आतून प्रश्न आला की तूच का सुरू करत नाहीस?

त्याचं उत्तर द्यायची वेळ लवकरच आली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या पुण्यात पोहोचल्या. रमाबाईंकडे जे पैसे होते ते ठरलेल्या कामाचे होते, म्हणजे उच्चवर्णीय बालविधवांच्या शाळेचे. दुष्काळातल्या शेकडो मुली त्या करारात कुठेच बसत नव्हत्या. तरी त्या गेल्या. का गेल्या, याचं त्यांनी दिलेलं कारण साधं आहे. त्यांना स्वतःचा दुष्काळ आठवला. ते जंगल, ती भाकरी, ते डोक्यावरचं ओझं.

मला वाटतं, सगळ्या गोष्टीचा कणा इथं आहे. आपण "देवाचे उपकार आठव" असं म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यापुढे मिळालेल्या गोष्टींची यादी येते. रमाबाईंना त्या वेळी आठवलं ते न मिळालेलं. आणि त्या आठवणीनं त्यांचा भरवसा मोडला नाही, तर त्यांना आगगाडीत बसवलं. कुणाच्या तरी आईसाठीची भाकरी या वेळी तरी वेळेवर पोहोचावी म्हणून.

त्या सुमारे ३०० मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, शहरात एवढ्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. आधी तंबू, छपरं, मग पक्क्या इमारती. १८९८ मध्ये मुक्ती सदनाचं रीतसर समर्पण झालं. त्याच वर्षी बोस्टनची दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या, नव्या संघटनेकडून शारदा सदनाची मदत पुढे चालू राहिली. पण मुक्तीचा वाढता पसारा कुणाच्या वचनावर उभा नव्हता. परदेशातून, देशातून, ओळखीच्या आणि अनोळखी माणसांकडून येईल तसं येत होतं.

आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला गुजरातेत छप्पनिया म्हणतात. रमाबाईंनी पुन्हा माणसं पाठवली. या वेळी तेराशेहून अधिक मुली आणि बायका आल्या. यात सगळ्या जाती होत्या. काही इतक्या खंगलेल्या होत्या की अन्न मिळूनही वाचल्या नाहीत. हे सांगायलाच हवं, नाहीतर आपणही परत आलेली विमानंच मोजू. उपाशी मुलांना ख्रिस्ती करतात, हा आरोप तेव्हाही झाला. भुकेच्या वेळी स्वीकारलेला धर्म कितपत स्वखुशीचा, हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण त्याच्या शेजारी दुसरी वस्तुस्थितीही ठेवावी लागते. त्या मुलींना न्यायला त्या रस्त्यावर फार कुणी येत नव्हतं.

त्या वर्षी केडगावातही पाऊस नव्हता. विहिरी आटत चाललेल्या. मुक्तीच्या त्या काळच्या हकिकतींत असं येतं की संध्याकाळी विहिरीचा तळ दिसायचा, आणि सकाळी पुन्हा त्या दिवसापुरतं पाणी झिरपलेलं असायचं. १९०० माणसं, शंभरेक गुरं, शिवाय बांधकाम, सगळं त्या पाण्यावर निभावलं. श्रद्धावान माणूस याला चमत्कार म्हणेल. शेतकरी म्हणेल, जिवंत झरा आहे, रात्रभर विसावा दिला की पाणी येतंच. मला दोघांशी भांडायचं नाही. विहीर मात्र आधी खणलेली होती, एवढं दोघांनी लक्षात ठेवावं.

आता ते मघाचं वाक्य आठवा: आम्हाला हातानं करायचं कुठलंच काम शिकवलेलं नव्हतं. मुक्तीत काय चालायचं बघा. शेती, गुरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, भटारखाना, छापखाना. अंध मुलींसाठी वेगळं सदन, तिथं ब्रेल शिकवायचे आणि हाताला कामही द्यायचे. मुली अभ्यास करायच्या, प्रार्थना करायच्या, आणि प्रत्येकीला काही ना काही काम यायलाच हवं होतं. जंगलातल्या त्या अकरा दिवसांतून रमाबाईंनी काढलेला हा धडा होता. पोस्टमॉर्टेम करून सिस्टीम दुरुस्त करावी तसा. पुन्हा दुष्काळ आला तर या मुली उपाशी मरणार नाहीत, कारण यांच्या हातात धंदा असेल.

मग देवाचा पुरवठा नेमका कुठला? परदेशातून आलेली मनीऑर्डर? विहिरीतलं पाणी? की मुलीच्या हातात आलेलं कसब? रमाबाईंना बहुधा यात निवड करावीशी वाटलीच नसती. त्यांच्या लेखी हे सगळं एकाच हातून येत होतं. फक्त तो हात दर वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून पुढे यायचा. बाजरीची भाकरी ठेवणाऱ्या त्या अनोळखी शेजारणीच्या, नाहीतर पहाटे उठवणाऱ्या आईच्या.

आईचं नाव मुद्दाम घेतोय. आईवडिलांच्या देवानं दिलं नाही आणि नव्या देवानं दिलं, असा सोपा निकाल या गोष्टीतून काही लोक काढतात. मला तो पटत नाही. रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायांना समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायकांनी केलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल संपूर्ण छापून आलं. या कामाला लागणारी व्याकरणाची शिस्त, पाठांतर, भाषेचा कान कुठून आला? पहाटे उठवून शिकवणाऱ्या लक्ष्मीबाईंकडून. आई मुलीला भाकरी देऊ शकली नाही. पण जे दिलं, ते चाळीस-पन्नास वर्षं पुरलं.

बायबलमध्ये मान्नाची एक गोष्ट आहे. इस्राएली लोक रानातून जात असताना रोज सकाळी जमिनीवर अन्न मिळायचं, त्याला ते मान्ना म्हणत. नियम असा की त्या दिवसापुरतंच गोळा करायचं. उद्यासाठी साठवलं तर किडे पडायचे. ही अर्धी गोष्ट आपण नेहमी ऐकतो. उरलेली अर्धी अशी की एक मापभर मान्ना पात्रात घालून कायमचा जपून ठेवायला सांगितलं होतं. खाण्यासाठी नाही, पुढच्या पिढ्यांना दाखवण्यासाठी. रानात आपण काय खाऊन जगलो, हे त्यांना कळावं म्हणून.

साठा टिकत नाही, आठवण टिकवायची असते. रमाबाईंची १९०७ ची साक्ष हे मला तसलं पात्र वाटतं. फक्त त्यांनी त्यात भरलेल्या दिवसांबरोबर रिकामे दिवसही ठेवले.

आपल्यातले बरेच जण आत्ता हे ऐकताना ईएमआय, भाडं, कंपनीतल्या कपातीच्या अफवा या सगळ्यात असतील. तुम्ही ख्रिस्ती असा, नसा, देव माना, न माना. एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. फोनमधल्या नोट्समध्ये एक पान उघडा. आपल्यापर्यंत काय पोहोचलं आणि कुणाच्या हातून, ते लिहा. त्याच पानावर जे पोहोचलं नाही तेही लिहा, पुसू नका. मग दुसरी यादी पुन्हा वाचा आणि बघा, आपल्या आसपास आत्ता तेच कुणाला हवंय. रमाबाई त्या यादीनिशी स्टेशनवर गेल्या होत्या.

केडगावची ती संस्था आजही चालू आहे. आजचा भाग आवडला असेल तर एखाद्या मित्राला पाठवा, आणि तुमच्या घरात दुष्काळाची एखादी आठवण आजीआजोबांकडून आली असेल तर ती व्हॉइस नोट करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.